मोटारीवर ठेवलेला हात

प्रिय खटपटी,

तुझं मशीन चालू झालं. ही बातमी आधीच सांगून टाकते, कारण मला गोष्ट रंगवून सांगायची सवय आणि तुला शेवटचं पान आधी वाचायची. पण चालू झालं एवढंच सांगायचं असतं तर फोन केला असता, पत्र कशाला लिहिलं असतं? फोनवर तू हसून विषय बदलतेस आणि मीही बदलू देते, म्हणून आज वही-पेन घेऊन बसले आहे. सोबत एक पुडकं आहे. ते पत्र वाचून झाल्याशिवाय उघडायचं नाही. उघडलंस तर मला इथे बसून काही कळणार नाही, पण मी सांगितलं होतं एवढं लक्षात असू दे.

मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस की मागच्या खोलीतलं कोरकामाचं मशीन विकून टाक, माझ्या हाताला ते जमत नाही. इतक्या सहज म्हणालीस, जसं एखाद्याने म्हणावं की मला तोंडली आवडत नाहीत. मी बरं म्हटलं आणि चार जणांना सांगून ठेवलं. त्यातून एक गिऱ्हाईक मिळालंय. लाकडी खेळणी बनवणारे एक गृहस्थ आहेत, बोलायला गोड, पण व्यवहाराला पक्के. रविवारी सकाळी दहाला येतो म्हणाले, माझ्यासमोर एक तुकडा कापून दाखवा, नीट कापला गेला तर त्याच दिवशी टेम्पोत घालून नेतो. म्हणजे आठ महिने चादरीखाली झोपलेलं मशीन मला आठवड्याभरात उठवून चालतं करायचं होतं. तुझ्या बाबांनी विचारलं, तुला जमेल का. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते मुकाट्याने चहा ठेवायला गेले. तीस वर्षं वाइंडिंगचं दुकान चालवलंय मी. पंख्याच्या, पंपाच्या, मिक्सरच्या किती मोटारींच्या जळक्या तारा काढून नव्या गुंडाळल्या, त्याला हिशेब नाही. मोटार म्हटलं की मला विचारायचं, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि माझी परीक्षा तुला पाठ आहेच. मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलेली. चालत्या मोटारीच्या अंगावर तळहात ठेवायचा आणि मनात एक, दोन, तीन म्हणायचं. तिसऱ्या आकड्यापर्यंत हात टिकला तर मोटार ठणठणीत. त्याआधी काढून घ्यावा लागला तर आतली तार जळायच्या वाटेवर आहे, लगेच बंद करायची. लहानपणी तुझ्या कपाळावरही मी असाच हात ठेवायचे आणि तू खोटं खोटं फणफणून, दोनलाच काढ, दोनलाच काढ म्हणायचीस, शाळा बुडवायला. हे इथे सहज आठवलं म्हणून लिहिलं नाही, पुढे लागणार आहे.

तर मंगळवारी सकाळी चादर काढली. खोली तू ठेवून गेलीस तशीच आहे. टेबलाच्या कडेला तुझा कप, त्यात नट आवळायचे चार पाने आणि एक पेन्सिल, खिडकीच्या चौकटीत पितळेचा बारीक चुरा, कितीही झाडला तरी निघत नाही. बाबांना बॅटरी धरायला उभं केलं. तुला माहीत आहे, त्यांना बल्ब बदलायचा असला तरी मला हाक मारावी लागते, पण बॅटरी मात्र छान धरतात, अजिबात हलवत नाहीत. आणि कपाटात तुझी ती निळी वही मिळाली. मशीन बांधायला घेतलंस त्या दिवसापासूनचं सगळं तिच्यात आहे. पहिल्याच पानावर लाल पेनाने ठसठशीत लिहिलंयस, करंट चालू असताना मोटारीची वायर उपटायची नाही, ड्रायव्हर जातो. आणि खाली कंसात, आई, हे तुझ्यासाठी. मी मोठ्याने हसले. मग बटण बंद आहे ना ते दोनदा बघितलं.

दुखणं काय होतं ते मी विसरलेले नव्हते. घड्याळकाकांनी तुला चाळीस तबकड्या करायला दिल्या होत्या, भिंतीवरच्या घड्याळांसाठी, पितळी, त्यावर बारा आकडे कोरलेले. तुझी पहिली मोठी ऑर्डर. मशीन बारापासून सुरू करायचं, एक, दोन, तीन असं सुबक कोरत जायचं आणि सात-आठच्या पुढे कुठेतरी अडखळायचं. एक घरघर यायची, अर्ध्या क्षणाची, आणि तिथून पुढचे सगळे आकडे एका बाजूला सरकलेले. नऊ कडेबाहेर, अकरा जवळजवळ बाराच्या मांडीवर. कधी तबकडी नीट निघायची, कधी नाही, आणि तेच वाईट. रोज बिघडलं असतं तर सापडलं असतं. तू महिनाभर त्याच्यामागे होतीस. जेवायला हाक मारली तर आले म्हणायचीस आणि यायची नाहीस. शेवटी घड्याळकाकांनी, अगदी मऊ आवाजात, काम दुसरीकडे दिल्याचं सांगितलं. पंधरा दिवसांनी तू त्या ऑफिसातली नोकरी धरलीस आणि बॅग भरलीस.

आता माझा तपास ऐक. पहिल्यांदा मी तुझी वही वाचून ती मोटार नीट समजून घेतली, कारण ती आमच्या पंख्यासारखी नुसती फिरत सुटत नाही. कॉम्प्युटर सांगतो इतकी पावलं पुढे जा, ती मोजून तितकीच जाते आणि थांबते. जोर कमी पडला की एखादं पाऊल चुकतं, पण ते ती कुणाला सांगत नाही. कॉम्प्युटर बिचारा समजतो की पोचली, आणि पुढचं काम तिथून सुरू करतो. म्हणून आकडे सरकतात. हे कळल्यावर मला मजा वाटली. तीन मोटारी आहेत, एक टेबल आडवं सरकवणारी, एक पुढे-मागे, एक कापणारं पातं खाली-वर करणारी. दुखणं आडवीचं. मग मी बाहेरून आत जात राहिले. मोटार सोडवून लांब स्क्रू हाताने फिरवून पाहिला, कुठे अडकतोय का. लोण्यासारखा फिरला. रुळांवर तेल घातलं. मोटारीचा दांडा आणि स्क्रू जोडणारं कपलिंग आतल्या आत घसरत असेल म्हणून तुझ्या ड्रॉवरमधल्या जांभळ्या नेलपॉलिशने दोघांवर मिळून एक रेघ ओढली, म्हणजे घसरलं तर रेघ तुटेल. एक तबकडी चढवली, नऊ सरकला, रेघ मात्र जागच्या जागी. म्हणजे जोड पक्का, चूक दुसरीकडे. मग वायरी. एकेक ओढून, वाकवून, मीटर लावून बघितली. खटपटी, तुझं वायरिंग बघून मला अभिमान वाटला. माझ्या दुकानात दहा वर्षं काम केलेल्या माणसांनीही इतकी नीट टोकं आवळली नाहीत. एकही वायर वाईट निघाली नाही.

बुधवारी सकाळी मी ती युक्ती केली जी तूच वहीत लिहून ठेवली आहेस. दोन मोटारींचे ड्रायव्हर अदलाबदल करायचे. ड्रायव्हर म्हणजे तो बोटभर हिरवा तुकडा, मोटारीला किती करंट द्यायचा ते ठरवणारा. आडवीचा पुढे-मागेला लावायचा आणि तिचा आडवीला. दुखणं आडवीपाशीच राहिलं तर मोटार वाईट, ड्रायव्हरबरोबर गेलं तर ड्रायव्हर वाईट. बटण बंद केलं, बदलले, बटण लावलं, तबकडी चढवली. आणि काय सांगू, दुखणं ड्रायव्हरबरोबर गेलं! या वेळी नऊ बाजूला नाही, वर सरकला. बाबांनी टाळ्याच वाजवल्या, बॅटरी खाली पडली. मीही म्हटलं, सापडला चोर, आणि त्या हिरव्या तुकड्याकडे वाकून बघितलं. त्याच्यावर तो बारीक स्क्रू आहे ना, राईच्या दाण्याएवढा, करंट कमी-जास्त करायचा. तो बघितला आणि मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. बाबा विचारत होते, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, एक स्क्रू ढिला आहे. त्यांनी विचारलं, कुणाचा. नेहमीसारखं मी त्यांना खडसावलं असतं, पण मी स्टूल ओढून घेतलं.

मग मी स्टुलावर बसून तुझी वही पहिल्यापासून वाचली. आधी लागेल तेवढीच पानं चाळली होती. तू मोजून मोजून लिहिलं आहेस. एका पानावर आडव्या मोटारीचा करंट मीटरने मोजून बरोबर लावला, समोर आकडा, आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण. आठ दिवसांनी, पुन्हा मोजला, निम्मा झालाय, असं कसं? परत लावला. चार दिवसांनी, पुन्हा निम्मा, ड्रायव्हर खराब असावा. नवा मागवला. नवा बसवला, मोजला, बरोबर. आणि पुढच्या आठवड्यात, नवाही निम्मा. त्याच्याखाली तू लिहिलं आहेस, मला साधं मोजताही येत नाही. ते वाक्य तू खोडलं आहेस, पण पेन इतकं दाबून लिहिलंस की मागच्या पानावरही वाचता येतं. त्यानंतर वहीत करंट मोजल्याची एकही नोंद नाही. तू मोजायचंच सोडून दिलंस. कपलिंग बदललंस, वायरी बदलल्यास, मोटारही बदललीस, आणि खरं दुखणं जिथे तीनदा तुझ्या हाताला लागलं होतं तिथे परत गेलीच नाहीस, कारण तुझा तुझ्या हातावरचा विश्वास उडाला होता.

तू तिन्ही वेळा बरोबर मोजलं होतंस. तो स्क्रू मी फिरवत होते.

आता आईने असं का केलं म्हणून कपाळाला हात लावशील, म्हणून सगळं सांगते. तू मशीन सुरू ठेवून अंघोळीला जायचीस, नाहीतर गच्चीवर फोन घ्यायला. मी खोलीत डोकवायचे. एकदा आडव्या मोटारीवर सवयीने तळहात ठेवला आणि दोनलासुद्धा पोचले नाही, चटका बसला. माझा जीव उडाला. तीस वर्षं मी जळक्या तारांचा वास घेतलाय, आणि तू त्या मोटारीच्या शेजारी नाक खुपसून तासन् तास बसायचीस. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आई, तुझे पंखे वेगळे आणि हे वेगळं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मोटारीतलं मला कुणी शिकवावं? तुला एकदा त्या स्क्रूने करंट कमी करताना मी पाहिलं होतं. मी चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने तो थोडा उलटा फिरवला. दहा मिनिटांनी हात ठेवला, एक, दोन, तीन, चार, पाच. कोमट! आणि मशीन तेवढ्याच वेगाने चालत होतं. पंख्याचा रेग्युलेटर कमी केला की पंखा सावकाश फिरतो, इथे तर तसं काहीच झालं नाही. मला वाटलं काय कमाल केली मी, वेग तोच आणि गरमी गायब. पितळात शिरताना तिला जोर लागतो आणि तो मी काढून घेतलाय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग जेव्हा जेव्हा ती तापलेली दिसायची तेव्हा तेव्हा मी हेच करत राहिले. नव्या ड्रायव्हरलाही केलं. तू महिनाभर शोधत होतीस आणि मी रोज तुझ्यासाठी चहा घेऊन येत होते, काय गं सापडलं का म्हणून विचारत होते. खोटेपणाने नाही, खरंच विचारत होते.

आणखी एक आहे, ते लिहायला मन धजत नाही, पण लिहिते. घड्याळकाकांनी काम काढून घेतलं त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, असू दे, आपलं दुकान आहेच की. तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात मला बरं वाटलं होतं. वाटलं होतं, आता ही माझ्या शेजारच्या स्टुलावर बसेल, वाइंडिंग शिकेल. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. ते बघणं मला त्या दिवशी कळलं नाही, परवा स्टुलावर बसल्यावर कळलं.

तुझ्या वहीत त्याच सुमाराचं आणखी एक पान आहे. मोटारीबरोबर आलेल्या कागदावरून तू उतरवून घेतलंस, अंग ऐंशी अंशांपर्यंत तापलं तरी चालतं, या मोटारी अशाच गरम राहतात, घाबरायचं कारण नाही. आणि शेवटी, आईला सांगायचं. बस्, एवढंच. सांगायचं राहून गेलं असणार, त्या आठवड्यात तू जेवायलाही बसत नव्हतीस. पण तू माझा विचार केला होतास गं. आणि मी तुला एका शब्दाने विचारलं नाही.

तर काल दुपारी मी बटण बंद करून दोन्ही ड्रायव्हर परत आपापल्या जागी लावले, मीटर घेतलं, तुझ्या वहीतला पहिला आकडा समोर ठेवला आणि करंट तुझ्या आकड्यावर आणला. नेमका, काटेकोर. तुझा घड्याळाचा प्रोग्रॅम उघडला, त्यातलं एक अक्षर बदललं नाही. उरलेल्या पितळातली एक तबकडी चढवली. बारा, एक, दोन. बाबा बॅटरी धरून, दिवसाउजेडी, खिडकी उघडी असताना. सात. आठ. नऊच्या वेळी मी डोळे मिटले होते. घरघर आली नाही. दहा, अकरा, आणि पातं वर उचललं जाऊन मशीन शांत उभं राहिलं. मी आडव्या मोटारीवर हात ठेवला. दोनला काढून घेतला, चांगला भाजला, आणि स्क्रूला शिवले नाही. त्यानंतर आणखी सहा कोरल्या, सहाही तशाच. बाबा प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होते, शेवटी त्यांना म्हटलं, पुरे आता, शेजारी येतील.

आता पुडकं उघड. ती पहिली तबकडी आहे. अकरावर बोट फिरवून बघ, बाराला कुठेही चिकटलेला नाही. हे पत्र मी त्या तबकडीसाठी लिहिलं आणि माफी मागण्यासाठी लिहिलं. माफ कर बाळा, तुझं वर्ष मी वाया घालवलं. हे शनिवारी तुझ्या हाती पडेल, आणि रविवारी दहाला ते खेळणीवाले येतील. मशीन तुझं आहे. नोकरीत मन रमलं असेल, नकोच असेल, तर तसं कळव, मी चांगल्या घरी देऊन टाकेन आणि तुझ्यावर रागावणार नाही. पण माझ्या हाताला जमत नाही या कारणासाठी मी ते विकू देणार नाही, कारण ते खोटं आहे, आणि ते खोटं मी तयार केलेलं आहे. घड्याळकाकांकडेही गेले होते, आज सकाळी. सगळं सांगितलं त्यांना, लाज सोडून. त्यांनी तबकडी भिंगाखाली धरली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, ही कुणी केली. मी म्हटलं, माझ्या मुलीने. प्रोग्रॅम तिचा, वायरिंग तिचं, करंटचा आकडा तिच्या वहीतला. मी फक्त माझं बोट काढून घेतलं.

तुझीच,
दोनपर्यंत मोजून हात मागे घेणारी
आई